सोडा शेवटी

दातांच्या दवाखान्यात शिंपीणबाई गाल धरून बसल्या होत्या. शेजारी दोघी बहिणी बोलत होत्या.

“भावोजी बोलायला लागले का गं, ताई?”

“काल बोलले. मीच त्यांच्यासमोर जिन घेऊन बसले.”

“तू?”

“ग्लासात जिन ओतली, त्यावर सोडा. मग लिंबू, साखर, आणि चमच्याने खळाखळा ढवळत राहिले.”

“सोडा मेला असेल.”

“पार मेला. त्यांना बघवेना. म्हणाले, ‘अगं, सोडा शेवटी घालतात!’”

“सुटला अबोला!”

“मग स्वतः उठून करून दिली. बर्फ घालून, गारेगार, आंबटगोड. आणखी एक मागावीशी वाटली.”

शिंपीणबाईंनी गालावरचा हात काढला.

“मग मागितलीस?” धाकटीने विचारलं.

“कशी मागणार? आता माझा अबोला आहे.”