मशीनचं दार समोरून का वरून?

नाही पण मला सांगा, कपडे मळले की धुवायचे, धुतले की वाळत घालायचे, एवढं साधं काम, त्यात मशीनचं दार समोर असलं काय नि वर असलं काय, फरक पडून पडून पडणार तो किती! पण नाही. मध्यंतरी दीड महिना आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. दात घासताना तोच, जेवताना तोच. मी भाजी चिरत उभी आणि मागून नवरा, "मग काय ठरलं? समोरून का वरून?" अरे, सुरी आहे माझ्या हातात, जरा बघून तरी विचार!

झालं काय, तुम्हाला सांगते, आमची जुनी मशीन वरच्या झाकणाची. अकरा वर्षं इमानदारीत चालली. शेवटी शेवटी जरा जास्तच चालायला लागली. म्हणजे खरोखर चालायला! कपडे पिळायची वेळ आली की बाथरूमच्या कोपऱ्यातून निघायची, थडथड थडथड करत दारापर्यंत यायची आणि दारातच अडकायची. आतला माणूस आत, बाहेरचा बाहेर. एकदा नवरा अंगाला साबण लावून आत अडकला. ओरडतोय, "अगं, बंद कर तिला!" बटण कुठे? मशीनवर. मशीनचं तोंड कुठे? आतल्या बाजूला. मी म्हटलं, "बटण तुझ्याकडे आहे, तूच दाब!" तर म्हणतो, "डोळ्यांत साबण गेलाय, दिसत नाही!" पाऊण तास! पाऊण तास मी बाहेरून त्याला, "जरा डावीकडे... खाली... अरे, तो नळ!"

मेकॅनिक आला. त्याने मागचं झाकण उघडलं, आत बघितलं, झाकण परत लावलं, हात पुसले, आणि डॉक्टर नातेवाइकांना बाहेर येऊन सांगतात ना, तशा आवाजात म्हणाला, "वहिनी, आता हिला त्रास नका देऊ."

संपलं. नवी येईपर्यंत हिलाच रेटायचं, पण नवी घ्यायची. आणि तिथून सुरू झालं... समोरून का वरून?

मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर असते. नंबर लावायचे, फोन घ्यायचे, गाल धरून आलेल्यांना "बसा हं, पाचच मिनिटं" असं अर्धा तास सांगायचं. तर मी आपलं डॉक्टरांना सहज म्हटलं, मशीन घ्यायची आहे. खुर्चीत एक पेशंट. तोंड हे एवढं उघडं, अर्धा जबडा बधिर, गालात कापूस, ती नळी सुर्रर्र करतेय... आणि त्यांनी हात वर केला! डॉक्टर घाबरले. "दुखतंय का?" मान हलवतात, नाही. आणि म्हणतात, "फफोवूनफ घ्या!" "काय?" "फ-फो-वून-फ! पाई कवी आगतं!" समोरूनच घ्या, पाणी कमी लागतं! अहो, ज्या माणसाची अक्कलदाढ अर्धी बाहेर आलीय त्यालासुद्धा मत आहे! बरं, डॉक्टरांनी दुर्लक्ष करावं की नाही? ते ड्रिल थांबवून, "छे छे, कपडे भरायला वाकावं लागतं. कंबर जाते. आमच्याकडे वरूनच आहे." जुंपली की दोघांची! एकाच्या हातात ड्रिल, दुसऱ्याच्या तोंडात कापूस. बाहेर बसलेले सहा जण सुजलेल्या गालांनी आत डोकावून मतं देतायत. मी म्हटलं, झालं, आता मतपेटी आणून ठेवते काउंटरवर!

पण खरा तिढा घरात. घरात आम्ही तिघं. मी, नवरा आणि सासरे. त्यांना आम्ही दोघंही बाबाच म्हणतो. नवरा समोरूनवाला. फोनवर इतके व्हिडिओ बघितले त्याने की झोपेत तो स्वतःच कुशीवर गरगर फिरायचा. मी कुठलीही चालेल, फक्त जागेवर उभी राहणारी द्या, अशी. आणि बाबा... आता बाबा म्हणजे कसे, तर आयुष्यभर सरकारी कचेरीत जमिनीचे नकाशे काढले, शांत माणूस, घरातल्या कशात मध्ये पडणार नाहीत. आम्ही सोफा बदलला तर चौथ्या दिवशी म्हणाले, "हा वेगळा आहे का?" असा माणूस! आणि मशीनवर अडून बसला!

"वरून. वरूनच."

का, बाबा? पहिल्या दिवशी म्हणाले, "वाकायचं कोणी?" म्हटलं, खाली स्टँड लावू. दुसऱ्या दिवशी, "दाराच्या रबरात पाणी साचतं, वास मारतो." म्हटलं, पुसू. तिसऱ्या दिवशी भिंग घेऊन अख्खं माहितीपत्रक वाचलं, लाल पेन्सिलीने रेघा मारल्या. "एका धुण्याला दोन तास? आणि सुरू झाल्यावर उघडत नाही म्हणे! एखादा मोजा बाहेर राहिला तर?" म्हटलं, "बाबा, मोजा दुसऱ्या दिवशी धुऊ." तर म्हणतात, "मोजा वाट बघणार नाही." आता याचा अर्थ काय! मोज्याला कुठे जायचंय?

तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. कारण मी काही दिवस एक बघत होते. मी कामावरून येते दुपारी, तर गॅलरीत दोरीवर चादर. कुणाची? बाबांची. अहो, सोमवारी तर मी धुतली होती! बुधवारी परत दोरीवर. शुक्रवारी परत. महिनाभर पुरणारा पावडरचा डबा पंधरा दिवसांत तळाला. विचारलं, "बाबा, चादर परत धुतलीत?" "चहा सांडला." दोन दिवसांनी विचारलं, "चहा सांडला." बरं, हा माणूस जन्मात कधी बिछान्यात चहा प्यायलेला नाही!

म्हटलं, हे विसरायला लागले. धुतलेलं विसरतात, परत धुतात. आज चादर विसरले, उद्या घर विसरतील, परवा आम्हाला... नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, "छे गं, जुन्या मशीनमध्ये नीट निघत नसेल, म्हणून परत टाकत असतील. यासाठीच म्हणतोय, समोरून का वरून ते ठरव!" त्याला जगातल्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर मशीन!

मग मीच परीक्षा घ्यायला लागले. अगदी सहज हं, कळणार नाही अशी. "बाबा, आज वार कोणता हो?" "मंगळवार." "आणि महिना?" सांगितला. "आपला घर नंबर काय?" सांगितला. "माझं नाव काय सांगा बघू?" जरा थांबले, माझ्याकडे बघितलं, पण सांगितलं! आठवडाभर रोज चार प्रश्न, सगळी उत्तरं बरोबर. आणि रविवारी नवरा मला बाजूला घेऊन म्हणतो, "बाबा फार काळजीत आहेत." "कसली काळजी?" "तुझी. म्हणाले, सूनबाईला वार आठवत नाही, परवा तर स्वतःचं नाव विचारत होती. पोरीला वेळेत डॉक्टरांना दाखव."

म्हणजे परीक्षेत मीच नापास!

शेवटी नवरा म्हणाला, आता दुकानातच जाऊ, तिघंही जाऊ, डोळ्यांनी बघू. गेलो. टाय घातलेला विक्रेता धावत आला. "या सर, या मॅडम, समोरून का वरून?" अरे, तूसुद्धा! एक समोरच्या दाराची मशीन त्याने चालू करून ठेवलेली. आत एक टॉवेल फिरतोय, आणि तीन अनोळखी माणसं हात मागे बांधून बघत उभी. टॉवेल वर गेला की यांच्या माना वर, खाली आला की खाली. विक्रेता म्हणतो, "काच बघा सर, केवढी! आत काय चाललंय ते अख्ख्या घराला दिसतं!"

बाबांचा चेहरा असा उतरला... मी बघत होते ना. हळूच म्हणाले, "या काचेला... पडदा वगैरे लावता येतो का?"

"पडदा? मशीनला?" विक्रेता खो खो हसला. "सर, तुम्ही फार गमतीदार आहात!"

बाबा हसले नाहीत. म्हणाले, "चला घरी. पाय दुखतायत."

तीनच दिवसांनी आमच्या दवाखान्यातली वीज गेली. ड्रिल बंद, नळी बंद. डॉक्टर म्हणाले, जा घरी. मी आले, किल्लीने दार उघडलं, तर आतून थडथड थडथड. बाथरूममध्ये डोकावले... तुम्हाला सांगते, चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, दोन्ही हातांनी मशीनला मिठी मारलेली, गाल झाकणावर, पाय मागच्या भिंतीला टेकवलेले, आणि सगळा जोर लावून तिला कोपऱ्यात धरून ठेवतायत. आणि हळू आवाजात तिला सांगतायत, "एवढी एक चादर. एवढी एकच. मग झोप तू."

मी मागच्या पावली बाहेर आले. दार ओढून घेतलं. आणि बाहेरून बेल वाजवली. स्वतःच्या घराची! एकदा वाजवली, थांबले. परत वाजवली. म्हटलं, आवरायला वेळ तर मिळू दे. पाच मिनिटांनी बाबांनी दार उघडलं. शर्ट ओला, केस विस्कटलेले. आणि माझ्याकडे बघून चेहरा असा कळवळला की काय सांगू! "किल्ली विसरलीस का गं? ये. बस हं, बस. पाणी देतो." आणि पाण्याचा पेला हातात देऊन, अगदी हळुवारपणे, "आज बुधवार आहे."

माझा बांध फुटला. म्हटलं, "बाबा, मला काही होत नाहीये! तुम्ही विसरताय का, ते बघत होते मी! ती चादर तुम्ही आठवड्यातून तीन-तीनदा धुता!"

बाबा खुर्चीत बसले. आतून मशीनची थडथड.

"विसरत नाही गं मी. विसरलो असतो तर बरं झालं असतं." मग म्हणाले, "गळती आहे."

"मशीनला?"

"मशीनला नाही."

मला कळायला दोन क्षण लागले. आणि कळल्यावर मी काय केलं? हसले! डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि हसतेय! बाबा रागावले. "यात हसण्यासारखं काय आहे?" म्हटलं, "बाबा, मला वाटलं तुम्ही आम्हाला विसरत चाललात! रात्रंदिवस तेच डोक्यात! आणि हे तर चादरीचं निघालं! चादर काय, धुता येते!" जीव भांड्यात पडला हो माझा. तर बाबा विचारतात, "तुला किळस नाही वाटली?" म्हटलं, "मी दातांच्या दवाखान्यात काम करते. लोकांच्या तोंडातून काय काय निघतं ते जेवायच्या आधी सांगत नाही मी घरी, म्हणून!"

मग बोलले. "वरून झाकण असलं की टाकली नि झाकली. त्या काचेतून तू येता-जाता बघणार, म्हाताऱ्याची चादर फिरतेय. आज पण फिरतेय. उद्या पण फिरतेय." दीड महिना, बघा! वाकायचं कोणी, रबराला वास, मोजा वाट बघणार नाही... आणि पोटात दडवलेलं हे एवढंसं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासलं, लघवी बघितली, कागद चाळले. म्हणाले, "रक्तदाबाची नवी गोळी दिली होती, ती कधी घेता?"

"रात्री झोपताना."

"मी तर सकाळी लिहिली होती."

"सकाळी फिरायला जातो ना. वाटेवर कुठे सोय नाही. म्हणून मी ती रात्रीवर नेली."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आजोबा, ती गोळी अंगातलं पाणी बाहेर काढते."

"तेच तर म्हणतोय. फार काढते."

"मग रात्री घेतल्यावर ते पाणी उजाडेपर्यंत थांबणार कसं?"

बाबा म्हणाले, "मला वाटलं, मी झोपलो की गोळीपण झोपेल."

चार मिनिटं लागली सगळ्याला! गोळी सकाळी, फिरणं संध्याकाळी, संपला आजार. आणि आम्ही दीड महिना, समोरून का वरून! नवऱ्याला सांगितलं, तर तो आत जाऊन बाबांच्या शेजारी बसला. एरवी बोलतच नाहीत ते दोघं, पण बसला होता खरा, बातम्या संपेपर्यंत.

पहिल्या दिवशी चादर कोरडी. दुसऱ्या दिवशी कोरडी. आठव्या दिवशी बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन, इकडेतिकडे बघत, घसा साफ करून म्हणतात, "ते मशीनचं... माझी काही हरकत नाही. समोरूनच घ्या. पाणी कमी लागतं म्हणे."

घेतली! समोरच्या दाराची. जागेवर उभी राहते, आवाज नाही, सगळं छान. आता तुम्ही म्हणाल, सुटलीस बाई, आता कसली तक्रार? सांगते ना. मशीनचा ताबा बाबांनी घेतलाय. तिला कुणी हात लावायचा नाही! बाथरूमच्या दारावर वेळापत्रक लावलंय, नकाशे काढलेला हात तो, चार रंगांच्या शाईत, खाली सूचना, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण! बाण कशाला, विचारायची सोय नाही. सोमवारी पांढरे, मंगळवारी टॉवेल, बुधवारी मशीनला विश्रांती. मी काल ड्रेस घेऊन गेले. "रंगीत शुक्रवारी." म्हटलं, "बाबा, उद्या मला चारचौघांसमोर बोलायला उभं राहायचंय!" चष्म्यावरून बघत म्हणतात, "मग गेल्या शुक्रवारी सांगायचं होतंस."

तर मघापासून तुम्ही बघताय ना, की ही बाई नवऱ्याचा पांढरा शर्ट बाह्या दुमडून का घालून आलीय... इस्त्री चांगली आहे की नाही? बाबांनीच करून दिली, मी निघताना. म्हणाले, "सांभाळून वापर. डाग पाडलास तर सोमवारशिवाय निघणार नाही."