चमकीचा घ्यावा का बिनचमकीचा

…मलेच काहून इचारता बाई? अख्ख्या गावात लॅपटॉपचं सांगाले मी एकटीच राह्यली का? घ्या न तुमच्या पोराले कोणता पायजे तो. चमकणाऱ्या स्क्रीनचा घ्या, नाही तं बिनचमकीचा घ्या. फक्त घ्याच्या पहिले घरातलं लाटणं, वरवंटा, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या, सारं शेजारी नेऊन ठेवा. हसू नका. वाती वळता वळता ऐका, आरतीले वेळ आहे अजून.

तं तुम्हाले सांगते, आमच्या पायलचा यवतमाळले इंजिनिअरिंगले नंबर लागला. तिच्यासाठीच तं मी सोळा सोमवार धरलते, का महादेवा, माह्या बोटाले कापसाच्या बोंडाचे काटे टोचले ते टोचले, पोरीच्या बोटाले नको. आन् त्या सोमवाराले मी माझीच एक अट घातलती. सोमवारी तोंडातून वाईट शब्द नाही, कोणावर हात नाही. मोडलं का पुन्हा एकापासून. चौदा सोमवार पार पडले बाई. चौदा… आन् ते बी पायलच्या बाबासंगं एका घरात राहून.

मंग दारव्ह्याच्या फिरोजनं एक नाही, दोन लॅपटॉप देले. "चाची, दुकानाच्या ट्यूबलाइटात समजत नाही. घरच्या उजेडात पहा, एक ठेवा, एक वापस आणा." किती भला माणूस. घाटंजीवरून माहा भाऊ सुखदेव आलता, कारण त्याले कम्प्युटरातलं समजते. म्हणजे तो कचेरीत कम्प्युटरच्या खोलीबाहेर बसते, पण दार उघडंच असते न.

आन् माझा पंधरावा सोमवार.

पायलच्या बाबानं ओसरीवर चमकणारा उघडला. अभ्यास कुठचा, ऊन कुठचं, त्यात यायले आपलंच तोंड दिसलं. पहिले मिशी पाहली, मंग दात पाहले. "वा. पैसे मोजतो तं असं चमकलं पायजे."

सुखदेव म्हणते, "भाऊजी, मिशीच पाहाची असंन तं आरसा घ्या, बाजारात ढिगानं भेटते. हा पहा बिनचमकीचा. मागून ऊन येऊ द्या, अक्षर जसंच्या तसं."

"हा? हा तं चुलीवरचा तवा होय. माह्या पोरीनं तव्यावर इंजिनिअरिंग करावं का?"

"मंग काय करंन? तुमच्या घरात उजेड येते कुठून? एक दरवाजा, आन् खिडकी कापसानं बुजलेली."

झालं. आता कापसाचं बोलाले पायजे होतं का बाई त्यानं? त्या वर्षी भाव असा पडलता, का कोणीच कापूस इकला नाही. आज चढंन, उद्या चढंन म्हणून समोरची खोली आढ्यापर्यंत भरलेली, आम्ही चार महिने खाजवत झोपून राह्यलो, आन् त्या माणसापुढं कापसाचं नाव.

पायलच्या बाबानं पऱ्हाटी उचलली आन् देली सुखदेवच्या पोटरीवर. सुखदेवनं यायच्या गळ्यातला दुपट्टा धरला आन् असा पिळला, जशी मी गोधडी पिळते. यायचे डोळे बाहेर. यायनं त्याच्या मनगटाले चावा घेतला. मी आपली "ॐ नमः शिवाय, सावकाश हो, सावकाश" म्हणत पायलीतले गहू निवडून राह्यली. दोघं लोटपोट होत गेले ते सरळ कापसात. दिसत कोणीच नाही. एक पाय बाहेर आला, गेला. एक हात आला, त्यात केसायचा पुंजका. धपाधप आवाज, आन् कापूस उडून राह्यला वर. शेजारची मथुराबाई दारात येऊन म्हणते कशी, "कापूस तुडवूनच राह्यले तं गाडीत तुडवा न, भरती तरी चांगली होईन."

पायल रडाले लागली. "आई, मले नाही पायजे लॅपटॉप. मी कॉलेजलेच जात नाही." आता सांगा बाई. चौदा सोमवार कायसाठी केले मी?

दोघायले ओढून काढलं. भुतावानी पांढरे. नाकातलं रक्त पुसलं, गूळपाणी देलं. म्हटलं, भांडता कायले, महादेवालेच इचारू. दोन्ही स्क्रीन देवाऱ्यापुढं उभे केले आन् दोहीवर एकएक ओलं बेलपान चिकटवलं, आपण देवळात कौल लावतो तसं. सारे हात जोडून बसले. पंखा बी बंद केला. आन् थोड्या वेळानं… चमकणाऱ्यावरचं पान घसरलं.

हे उठले. "पडलं. देवानं कौल देला."

सुखदेव उठला. "झटकून टाकलं देवानं. नको म्हणते तो."

तवा माझ्या ध्यानात आलं बाई. पान पडलं तं हो का नाही, हे देवाले पहिले सांगा लागते. तेच मी सांगाचं भुलली. महादेवाची यात काही चुकी नाही.

मंग जे झालं… यायनं चमकणारा उचलला आन् घातला सुखदेवच्या पाठीत. सुखदेवनं बिनचमकीचा घातला यायच्या टाळक्यात. खळकन आवाज आला, मले वाटलं कवटीच गेली. पण कवटी शाबूत, बिनचमकीच्याचे दोन भाग. चमकणारा उडाला आन् पडला कापसात, एक ओरखडा नाही. आन् माझं मले समजलं नाही बाई. लाटणं हातात कधी आलं, यायच्या खांद्यावर कधी पडलं, भावाच्या गुडघ्यावर कितीदा पडलं. आन् तोंडातून जे निघालं ते या देवळात मी सांगू शकत नाही. मथुराबाईनं कानात बोटं घातली, आन् मंग एक बोट काढलं.

माझा पंधरावा सोमवार.

मोडलेल्याचे पैसे भावाच्या माथी बसले, चमकणारा पायलले राह्यला. आता उघडला का पोरीले आपलंच तोंड दिसते. आठ दिवसानं मी तो घेऊन फिरोजकडं गेली, म्हटलं बाबा, काही होते का?

फिरोजनं खणातून एक पातळ कागद काढला, स्क्रीनवर चिकटवला, बोटानं बुडबुडे सारले. चमक गायब. उन्हात धरला, अक्षर लख्ख.

"चाची, हा कागद लावला का बिनचमकीचा, काढला का चमकीचा. दोन मिनिटाचं काम."

"मंग पहिले काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही कुठं इचारलं?"

त्याच्या टेबलावर बिलायवर ठेवलेलं पितळेचं वजन होतं बाई, चांगलं मुठीत बसंन असं. मी त्याच्याकडं पाहलं. मंग फिरोजकडं पाहलं. हात जोडले, "बरं बाबा" म्हटलं, आन् घरी आली.

काय करता… माझा पहिला सोमवार होता.