हळकुंड कुणी मोडलंच न्हाई

...आवं, निदान एक हळकुंड तरी मोडून बघायचं का न्हाई? एक! तुमास्नी सांगतो, आठ दिवस खपून, चाळून, बोटाएवढी एकसारखी हळकुंडं निवडून दोन किलोची पिशवी भरली, इस्त्रीची टोपी घातली आन सांगलीच्या त्या हाटेलात गेलो, तर ती पुण्याची माणसं पिशवीकडं अशी बघाय लागली की जणू मी त्यात साप धरून आणलाय.

मार्केट यार्डात बघा, नवशिका व्यापारी असला तरी काय करतो? पोत्यात हात घालतो, हळकुंड काढतो, कट्टदिशी मोडतो, आतला रंग बघतो, मग तोंड उघडतो. आन ही माणसं लाखांनी पैसे घालणार आमच्या अंकिताच्या धंद्यात, धंदा कशाचा, तर हळदीचा, पर हळकुंड मोडून बघितलं का? न्हाई.

थांबा, अंकिता कोण ते सांगतो, न्हाईतर म्हणाल दादासो हवेत बोलतोय. अंकिता माझी पुतणी. इंजिनेर. हळद शिजवायचे दोन कुकर केलेत तिनं, ट्रॉलीवरचे. फोनवर बोट दाबलं की कुकर तुमच्या शेतात हजर. आता तिला आणखी आठ कुकर करायचेत, म्हणून ह्या पुण्यावाल्यांच्या दारात. पैसे मिळाले तर ठीक, न्हाईतर असलेले दोन इकायचे आन एक तारखेला बेंगलोरला नोकरीवर. बॅग भरून ठेवलीती हो तिनं.

गाडीत मला म्हणाली, "काका, तुमी फक्त शेजारी बसायचं. बोलायचं न्हाई."
मी म्हणलं, "व्हय."
आता तुमीच सांगा, मी कवा गप बसलोय?

तर तिथं दोघं. एक निमिष सर, मिशी फुटून चार वर्षं झाली असतील, पुढ्यात लॅपटॉप. दुसऱ्या भार्गवी मॅडम, केस पांढरे, बोलायचं नाव न्हाई, नुसत्या बघायच्या. अंकितानं पडद्यावर नकाशे दाखवले, रंगीत रेघा दाखवल्या, आन सर म्हणाले, "छान. बर्न रेट काय आहे तुमचा?"

बर्न मला कळतं हो! बर्न म्हणजे जळणं. मी म्हणलं, "जळीत उसाला कारखाना पैसे कापून देतो, सर. गेल्या साली आमचा दीड एकर ऊस तारेला तार घासून जळाला. कारखान्याच्या नोंदी करणाऱ्या चिटबॉयला दोन येळा चहा पाजला तरी कापलंच."

आन त्या माणसानं ते टायपून घेतलं ओ!

टेबलाखालनं अंकितानं अशी लाथ घातली, अजून नडगी दुखती. मग कळलं, बर्न म्हणजे महिन्याला पैसे किती जळतात. म्हणलं, पैसे जाळतंय कोण? दुसरी लाथ.

मग काय इचारावं? तुझ्यासोबत कोण हाय, सोडून गेला तर काय करशील, मोठ्या कंपनीनं असलाच कुकर काढला तर काय करशील, झोप लागती का. झोप! सोयरीक जुळवायला आलाय का पैसे द्यायला? तासभर नुसती पोरीची उलटतपासणी, पर हळकुंड मोडून बघितलं का? न्हाई. मी हळूच पिशवी पुढं सरकवली. सरांनी तिच्यावर चार्जर ठेवला.

शेवटी मॅडमनं तोंड उघडलं. "काका, तुम्ही काय करता?"
अंकितानं डोळे मिटले.

म्हणलं, शेती. आन बैलांची पारख. पंचक्रोशीत बैल घ्यायचा झाला की आदी मला न्यायचे. दात बघायचे, चाल बघायची, आन मालकाला इचारायचं, खोड काय? कारण बसका बैल दिसायला लय देखणा असतो, मॅडम, पर चिखलात गाडी रुतली की जू मानेवर घेऊन खाली बसतो. म्हणून आमच्यात सौद्याआदी खोड सांगायची रीत हाय. लपवली तर बाजारात तोंड दाखवता येत न्हाई.

मॅडम म्हणाल्या, "मग हिची खोड सांगा."

आता काय करावं? रीत म्हंजे रीत.

म्हणलं, हट्टी हाय. गेल्या हंगामात कुकरच्या वाफेचा काटा अडकला आन गावातल्या कृष्णातच्या वीस पोती हळदीचा हिनं लगदा केला. मी म्हणलं, गप ट्रॉली जोड, निघू, हळदच कच्ची होती म्हणून सांगू. तर न्हाई! सोता दारात जाऊन म्हणाली, चूक आमची. स्कूटी इकून भरपाई दिली. काटा बदलला आन तिसऱ्या दिवशी परत त्याच्याच शेतात कुकर! तिकडं सख्ख्या भावाची, आमच्या शंभूराजची हळद लागत होती, आन ही दुसऱ्याची हळद शिजवत बसली. आई रडली, मी वरडलो, पर आली न्हाई. ऐकतच न्हाई वो कुणाचं.

अंकिताचा चेहरा पांढराफटक. कानात म्हणाली, "काका, बुडवलं तुमी मला." खरं सांगतो, जीभ तोडून टाकावी वाटली.

मॅडमनं सरांचा लॅपटॉप मिटला. म्हणाल्या, "सकाळपासून पैसे मागायला आलेले सगळे आम्हाला गुणच सांगतायत. ही बसत नाही, एवढंच कळायचं होतं. देऊया."

दिले हो! बेंगलोरची बॅग रिकामी झाली, आठ कुकर उभे राहिले. पोरगी गळ्यात पडून रडली, मी बी रडलो, त्यात लाज कसली? पर निघताना पिशवी तशीच्या तशी माझ्या हातात दिली बघा त्यांनी.

आन आता? आता मॅडमची गाडी येती महिन्यातनं दोनदा. "काका, एक माणूस बघायचाय." म्हंजे बैल गेले, आता मी माणसं बघत हिंडतोय. परवा मिरजेला गेलतो, वीरधवल म्हणून एक गडी, गुळाचा धंदा. बिचारा लय हौसेनं ढेप घेऊन आला, पुढ्यात ठेवली, म्हणाला, "काका, फोडून बघा की."

आन मी, तुमास्नी सांगतो, मी, ह्या तोंडानं त्याला म्हणलं, "ती ठेव बाजूला. तुझी खोड सांग."