चटईचा काठ

आज रविवार. कोजागिरी होऊन गेली, धान पिवळं पडलं, कापणी तोंडावर आहे. लिहूनच घेता तर आधी हजर कोण ते लिहा, माझी कामाची रीत तशीच आहे. हजर: नेमबाजीचा सराव घेणारे हवालदार काका, तुम्ही अन् मी. गैरहजर: बाकी सगळे. वसतिगृहाच्या पोरी सुट्टीत गावाकडं गेल्या, नेहमीचे दोघं-तिघं कापणीसाठी मजूर शोधून राहिले. तरी चटया मी साऱ्या अंथरल्या. कोणी येणार नाही हे माहीत असूनही जागा करून ठेवायची, हे माझं जुनंच आहे, ते पुढं येईलच.

मी मूळची तिरोड्याकडची, बोदलकशाच्या तलावाखालचं आमचं गाव. आम्ही पोवार. आमचे पूर्वज म्हणे माळव्यातून चालत आले. काय सांगू तुम्हाला, एवढ्या लांबून ते आले अन् मी लग्न करून तिरोड्याहून गोंदियाले आली, तेवढाच माझा प्रवास. मालक राईस मिलमध्ये बॉयलरवर, कायमची रातपाळी. आंदणात आलेला सागवानी पलंग, त्याच्यावर मी उजव्या काठाले झोपायची अन् डावी बाजू मोकळी ठेवायची, कारण पहाटे ते कोंड्याच्या वासासकट येत अन् अंग टाकत. मले जाग येऊ नये म्हणून हळूच टेकत, अन् मी जागीच असायची. मग मी उठून चूल पेटवायची. संसार म्हणता तर तो असा, एक आला की एक उठला. दिवसाचं बोलणं जेवणाच्या ताटावर होईल तेवढं. तरी बरं चाललं होतं. मग त्यांचं हृदय बंद पडलं. पोरगी लग्न होऊन रायपूरले गेली. फोन करते, पण तिच्या मागं नेहमी कुकरची शिटी वाजून राहते.

मी मुलींच्या वसतिगृहात भांडार पाहते. तांदूळ किती, डाळ किती, तेल कधी संपते, हे मले तोंडपाठ. सोमवार ते शनिवार सारे मले भांडारवाल्या काकू म्हणतात. पोरींना हवेच्या रायफलीचा सराव सुरू झाला तेव्हा सोबत बाईमाणूस पाहिजे म्हणून मले धाडलं. हे बंद पडलेल्या मिलचं गोदाम, पाहून राहिले न तुम्ही, अजूनही कोंड्याचा वास येते. पोरी चटईवर पालथ्या झोपून छर्रे मारायच्या अन् मी स्टुलावर बसून राहायची. एक दिवस काका म्हणाले, बसून बसून स्टूल झिजवण्यापेक्षा झोपून पाहा. ते मूळचे रायपूरकडचे, हिंदीतच बोलतात. नाव विचारलं. मी सांगितलं, शकुन. तेव्हापासून शकुनबाई. कोणी नावानं हाक मारते अशी गोंदियात माझ्यासाठी ही एकच जागा उरली आहे, म्हणून रविवार मी चुकवत नाही. शेजारीण विचारते, या वयात बंदूक, कोणाले मारून राहिली वं? मी म्हणते, कागदाले, तो उलटून बोलत नाही.

पण मान दुखायला लागली. उजवीकडून धरली ती खांद्यापर्यंत, कंबरेत कळ, कोपर सिमेंटवर घासून लाल. लेप लावला, शेक घेतला, कोपराखाली पोतं ठेवलं. सोमवारी भांडारातल्या पोत्यांचा हिशोब सांगताना मान वळेना. काका म्हणाले, असंच दुखलं तर सोडून द्या, हट्टानं शरीर बिघडते. मी हो म्हटलं, अन् घरी येऊन भाजी चिरता चिरता मनात आलं, की रविवार गेला तर मग काय.

पुढच्या रविवारी त्यांना म्हटलं, एकदा नीट पाहा, मग सोडते. त्यांनी सांगितलं, हाताच्या जोरावर रायफल धरू नका, डावा कोपर तिच्या खाली आणा, वजन हाडावर टेकवा. उजवा गुडघा जरा वर घ्या, पोट मोकळं होते, श्वास घेता येते. आता डोळे मिटा, दोन श्वास घ्या, उघडा. नळी कुठं पाहून राहिली? पाहते तर शेजारच्या निशाण्याकडं. ते म्हणाले, तुमचं शरीर तिकडं पाहते अन् तुम्ही हातानं ओढून इकडं आणता, मान दुखणार नाही तर काय. मग ते माझ्या पायापाशी जाऊन उभे राहिले अन् तिथून पाहिलं. मग म्हणाले, शकुनबाई, ये आधी चटाई किसके लिए छोड़ी है? ही अर्धी चटई कोणासाठी सोडली, असं.

मी खाली पाहिलं. मी उजव्या काठाले, अर्धी सिमेंटवर, कोपर बाहेर, पाय सरकवायला जागा नाही. डावीकडं एक माणूस झोपेल एवढी चटई रिकामी. तोंडात आलं होतं की रातपाळीवाल्यासाठी. ते दुसऱ्या चटईकडं गेले, उगाच तिचा कोपरा नीट करत बसले. भले माणूस आहेत.

मग मी सरकली. मधात, चटईच्या बरोबर मधोमध. रायफल न ओढता सारं अंगच सरकवलं, डोळे मिटले, उघडले, तर नळी माझ्याच निशाण्यावर. छर्रा निशाण्याच्या काळ्या गोलात गेला की नाही ते विचारू नका, गेला नाही. पण मान दुखली नाही. त्यानंतर पुन्हा दुखली नाही. दर वेळी झोपताना मात्र अजून काठाकडंच कलते, मग आठवते, मग मधात येते.

आता तुमचं लिहून झालं की चटया गुंडाळायच्या, छर्रे झाडून डब्यात भरायचे, कुलूप लावून काकांना किल्ली द्यायची. घरी जाऊन भात टाकायचा, पोरीले फोन करायचा, पोरगी सुखात राहो. हे सारं आज होते. एक काम मात्र दर रविवारी ठरवते अन् राहते: पलंगावरची डावीकडची उशी उचलून पेटीत ठेवायची. तिची खोळ मी दर आठवड्याला धुते, वाळवते, अन् पुन्हा चढवते. उशी अजून तिथंच आहे.