किझ्झा आजोबांचा एकुलता एक जोड

"तुला खरं वाटायचं नाही पोरी, पण आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना मिळून हातमोज्यांचा एकच जोड होता!"

कंपालातल्या प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानाच्या रांगेत म्हातारे किझ्झा पुढे उभ्या असलेल्या नाकिरिज्जाला सांगत होते.

"आजोबा, मला उद्यापासून ॲसिडचं काम आहे. हातमोजे पातळ घेऊ की जाड?"

"पातळच! आमचे तसलेच होते. रोज धुवायचे, फुगवून भोक बघायचं, कसाव्याचं पीठ लावून दोरीवर टाकायचे. कोंबड्या पिठावर चोची मारायच्या, तरी भोक पडायचं नाही. काय दिवस होते ते!"

"आणि ॲसिड सांडलं तर?"

"थेंब आत गेला नाही कधी."

"खोटं!" मागून त्यांची बायको म्हणाली. "जाडच घे गं. आमच्या लग्नात ह्यांच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या, उकडलेल्या केळ्यांच्या मटोकेचा घास मीच भरवला!"