जेवण बंद, दात घासणं चालू

बाबांचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगतेच. सेलूत त्यांचं किराणा दुकान होतं. जाण्याच्या चार महिने आधी त्यांना लकवा झाला. गिळलेलं श्वासनलिकेत जायचं, म्हणून जेवण नाकातल्या नळीनं सुरू झालं. तरी सकाळ झाली की ते ब्रश मागायचे.

एकदा मी वैतागले, "बाबा, तोंडानं काईच खात नाई तुम्ही, मंग दात काऊन घासता?"

बोबड्या आवाजात उत्तर आलं, "गिराईक येत नाई म्हणून दुकान झाडणं सोडते का कोणी?"

मी दात घासून दिले. रोजच.

महिन्याभरानं दवाखान्यात त्यांचं गिळणं तपासलं. डॉक्टरीणबाईंनी तोंडात टॉर्च मारला आणि नर्सला हाक मारली. "हे पाहा, नळीवरच्या पेशंटचं तोंड असं पाहिजे. तोंडातली घाण लाळेबरोबर छातीत उतरली की न्यूमोनिया होतो."

माझी मान ताठ झाली. मग त्यांनी बाबांच्या जिभेवर चमचाभर घट्ट वरण ठेवलं. बाबांनी हनुवटी खाली घेतली आणि गिळलं. ठसका लागला नाही.

"कसं वाटते, आजोबा?"

पहिल्या गिऱ्हाइकाचे पैसे लावायचे तसा बाबांनी तो रिकामा चमचा कपाळाला लावला. म्हणाले, "बोहनी झाली."