उपरण्यातले खेकडे

देवळाली प्रवऱ्याला माझ्या सासरी भर उन्हाळ्यात मी, दीर सागर आणि सासरे, म्हणजे मामा, पाटावर खेकडे धरायला गेलो होतो. दोऱ्याला कोंबडीची आतडी बांधून सोडली आणि खेकडे लई मिळाले. सागरनं स्वतःचे खेकडे पाण्यानं भरलेल्या बादलीत टाकून वर झाकण दाबलं.

मी म्हटलं, "पाणी तापलं की गुदमरतील ते. ओल्या फडक्यात ठेव, वारा लागू दे."

"वहिनी, पाण्यातला जीव पाण्यात मरतो व्हय?"

मी मामांकडं उपरणं मागितलं.

"अगं, सकाळीच धुतलंय."

"मग परत भिजवलं तर काय बिघडतं?"

माझे खेकडे त्यात सैल बांधले आणि वाटेत पाणी शिंपडत घरी आणले.

सागरनं झाकण काढलं तर सगळे उताणे, निपचित. मेलेला खेकडा आम्ही शिजवत नाही, त्यामुळं त्याची बादली गेली उकिरड्यावर. मी उपरण्याची गाठ सोडली, तसे माझे अंगणभर पळाले. एकानं तर सागरचीच चप्पल धरली.

जेवायला मात्र ताट घेऊन सागरच आधी बसला. मामा मला म्हणाले, "त्याला बादलीतलं पाणी वाढ. त्याचा लई भरवसा हाय त्याच्यावर."